उणे दहा अंशांची पाटी आणि मुंबईची गच्ची : एका रोपवाटिकेच्या भूमध्यसागरी दालनाचे परीक्षण

पश्चिम उपनगरांतल्या एका मोठ्या रोपवाटिकेने अलीकडे भूमध्यसागरी झाडांचे स्वतंत्र दालन मांडले आहे. पांढऱ्या खडीचे वाफे, इटालियन घाटाच्या भाजक्या मातीच्या कुंड्या, मध्यभागी जाड बुंध्याची ऑलिव्हची झाडे आणि भोवती लॅव्हेंडर, रोझमेरी, लिंबूवर्गीय झाडे, कण्हेर, बोगनवेल अशी रचना आहे. दालन देखणे आहे, रोपे बहुतांशी निरोगी आहेत आणि विक्रेते आदबीने बोलतात. तरीही तिथे सर्वांत पुढे मांडलेली झाडे मुंबईकराने घेऊ नयेत आणि मागच्या रांगेतली अवश्य घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्याचे कारण प्रत्येक कुंडीला अडकवलेल्या छोट्या पाटीवरच छापलेले आहे. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशाच पाट्या शहरात इतरत्रही दिसतात आणि हे गाऱ्हाणे एका दुकानापुरते नाही.

पाटीवर झाडाचे नाव, उन्हाची गरज आणि पाण्याचे प्रमाण यांच्याबरोबर थंडी सोसण्याची मर्यादा दिलेली असते. ऑलिव्हवर उणे १०, लॅव्हेंडरवर उणे १५, रोझमेरीवर उणे १०, लिंबावर उणे ३ आणि बोगनवेलीवर जेमतेम शून्य. जितका आकडा खाली, तितके झाड दालनात पुढे, अशी मांडणी आहे. विक्रेता हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे वाचून दाखवतो. "साहेब, हे उणे पंधरा सोसतं, मुंबईत त्याला काय होणार?" हे वाक्य माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला ऐकवले गेले आणि त्याने लगेच लॅव्हेंडरच्या कुंड्या गाडीत ठेवायला सांगितल्या.

आकडा खोटा नाही. तो ज्या प्रदेशासाठी काढला आहे तिथे त्याला मोठे मोल आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तो इथे निरुपयोगी का ठरतो हे कळत नाही. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी आणि एरवी सौम्य असतात. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. १९५६ साली दक्षिण फ्रान्समध्ये जानेवारी उबदार गेला, ऑलिव्हच्या झाडांत रस चढू लागला, आणि फेब्रुवारीच्या आरंभी आलेल्या थंडीच्या लाटेने पारा एकाएकी शून्याच्या बराच खाली नेला. प्रोव्हान्समधल्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ऑलिव्हबागा त्या महिन्यात उद्ध्वस्त झाल्या. जानेवारी १९८५ मध्ये इटलीतल्या टस्कनीची पाळी आली. फ्लॉरेन्सच्या विमानतळावर उणे २३ अंशांची नोंद झाली आणि आसपासच्या टेकड्यांवरची असंख्य झाडे जमिनीलगत कापावी लागली. मुळे जिवंत राहिल्यामुळे बुडख्यांतून धुमारे फुटले आणि तेच पुढे वाढवले गेले. त्या भागात एकाच बुडातून तीन-चार खोडे निघालेले ऑलिव्ह दिसतात त्यामागे ही हकिगत आहे.

१९५६ चे नुकसान आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. झाडाची थंडी सोसण्याची ताकद वर्षभर सारखी नसते. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले आणि रात्री हळूहळू गार होत गेल्या, की झाड आपली वाढ थांबवते, पेशींमध्ये शर्करा साठवते आणि पेशींची पटले गारठ्यात लवचीक राहतील अशी बदलते. गोठण्याच्या वेळी बर्फ सहसा आधी पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत धरतो आणि आतले पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे थंडीने मरणारे झाड बरेचदा पाण्यावाचूनच मरत असते. तयारी पुरी झालेले ऑलिव्ह उणे ८ किंवा १० अंशांतून निभावते, पण उबेने फसून वाढीला लागलेले तेच झाड त्याहून बऱ्याच सौम्य रात्री दगावू शकते. पाटीवरचा आकडा सुप्तावस्थेतल्या, मुरलेल्या झाडाचा असतो. ज्या शहरात ती तयारी कधी सुरूच होत नाही, तिथे तो आकडा त्या झाडाचा राहतच नाही.

ही आकडा खरा ठरण्याची पहिली अट. दुसरी अट पाण्याची. कोरड्या, खडकाळ, उताराच्या जमिनीत लॅव्हेंडर कडाक्याची थंडी हसत सोसते, आणि चिकणमातीत मुळांशी पाणी साचले की त्याच्या निम्म्या थंडीतही कुजते. तिसरी अट जागेची. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड गार हवा उतारावरून वाहत खोलगट भागात साचते, त्यामुळे एकाच बागेच्या तळातले लिंबू करपते आणि वरच्या पायरीवरचे वाचते. दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री परत देते, म्हणून रिव्हिएरावरचे, म्हणजे फ्रान्स-इटलीच्या भूमध्य किनारपट्टीवरचे, माळी नाजूक वेली अशाच भिंतींना लावतात. कुंडीतल्या झाडाला तर आणखी दोन-चार अंशांची सूट द्यावी लागते, कारण मुळे फांद्यांपेक्षा नाजूक असतात आणि जमिनीची ऊब त्यांना मिळत नाही. फ्लॉरेन्सच्या बोबोली उद्यानात १७७७-७८ मध्ये लिंबांच्या कुंड्यांना हिवाळ्यात निवारा म्हणून खास इमारत बांधली गेली, आणि उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवराकाठी दगडी खांबांच्या लिंबूबागा हिवाळ्यात फळ्यांनी आणि काचांनी झाकत असत. त्या गरजेतून हे आकडे जन्मले आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने याच हेतूने देशाचे १३ पट्टे आखले. दर वर्षीच्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची सरासरी हा त्यांचा पाया आहे, दोन पट्ट्यांत १० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसचे अंतर असते, आणि नकाशाची सुधारित आवृत्ती २०२३ साली आली. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची श्रेणी एच १ ते एच ७ अशी आहे. दोन्ही पद्धती एकाच गोष्टीविषयी बोलतात, ती म्हणजे थंडी. उष्ण रात्री, दमट हवा, धो धो पाऊस यांच्याविषयी त्या काहीही सांगत नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नाही.

आता मुंबई. सांताक्रूझच्या वेधशाळेतले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चे. एरवी आपण सतरा अंशांना स्वेटर काढतो आणि पंधरा झाले की वर्तमानपत्रांत शेकोट्यांची छायाचित्रे येतात. शून्याखालचा कोणताही आकडा या शहराला लागूच पडत नाही. उलट जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही रात्रीचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असताना. अथेन्समध्ये वर्षभराचा पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक हिवाळ्यात. ही झाडे उन्हाळा कोरडा काढायला घडलेली आहेत. आपण त्यांच्या मुळांशी नेमके उबेच्या दिवसांत पाणी उभे करतो. इथे त्यांचा शत्रू दहिवर नसून आषाढ आहे.

म्हणून माझा सल्ला असा की या दालनात पाटी उलटी वाचावी. जे झाड भूमध्यसागरी बागेत थंडीला सर्वांत काटक, ते इथे बहुधा सर्वांत धोक्याचे. आणि जे तिथे हिवाळाभर जिवापाड जपावे लागते, ते इथे नुसते लावून विसरावे. अपवाद आहेत, त्यांचा उल्लेख पुढे करतो, पण खरेदीला निघताना एवढा नियम पुरतो.

लॅव्हेंडरपासून आरंभ करतो, कारण सर्वांत जास्त खप त्याचाच आहे आणि सर्वांत जास्त निराशाही त्याच्यामुळेच होते. दालनात पुढे ठेवलेले, उणे १५ ची पाटी मिरवणारे ते इंग्लिश लॅव्हेंडर. नावात इंग्लंड असले तरी ते पश्चिम भूमध्य प्रदेशातल्या डोंगरउतारांवरचे झुडूप आहे. त्याला भरघोस फुलायला हिवाळ्याची थंडी लागते. जम्मू विभागातल्या डोंगराळ भदरवाहमध्ये त्याची शेती यशस्वी झाली ती तिथल्या हवेमुळे. तिथल्या लॅव्हेंडर-शेतीच्या, म्हणजे तथाकथित जांभळ्या क्रांतीची छायाचित्रे पाहून अंधेरीच्या गच्चीवर तसे शेत उभे राहील अशी आशा धरणे व्यर्थ आहे. इथे ते रोप नोव्हेंबर ते मार्च हिरवे-राखाडी, सुवासिक आणि जवळजवळ निष्फूल राहते, एप्रिलपासून खालची पाने वाळू लागतात आणि पावसाळ्यात मुळांना बुरशी लागून ते एका आठवड्यात काळे पडते. मी नेलेल्या रोपाचेही जुलैत असेच झाले, छपराखाली ठेवूनही. हवेतला दमटपणा छपराला जुमानत नाही. दुकानात विचारणा केली तेव्हा रोप बदलून देण्याची हमी पंधरा दिवसांचीच असते असे उत्तर मिळाले, आणि त्यात नियमाबाहेरचे काही नव्हते. माझा आक्षेप हमीवर नाही. एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस तोंडावर आलेला असताना, उणे पंधराचा हवाला देऊन हे रोप विकणे मला पटत नाही.

गंमत म्हणजे त्याच दालनाच्या मागच्या रांगेत दातेरी पानांचे लॅव्हेंडर ठेवलेले आहे. त्याच्या पाटीवर उणे ५ लिहिल्यामुळे विक्रेते त्याला नाजूक समजतात आणि कमी किमतीत देतात. मुंबईसाठी या जातीत घेण्यासारखे हेच. त्याला फुलायला थंडीची वाट पाहावी लागत नाही, आणि दिवाळीनंतर कुंडीत लावले तर होळीपर्यंत ते निळसर-जांभळे तुरे देत राहते. सुवास इंग्लिश लॅव्हेंडरइतका गोड नाही, त्यात कापराची झाक आहे, हे मात्र आधीच सांगायला हवे. पावसाळा यालाही मानवत नाही. छाट कलमे करून ठेवावीत किंवा हे हंगामी झाड आहे असे समजून चालावे.

ऑलिव्ह हे दालनातले सर्वांत महाग झाड. लहान रोप हजार-दीड हजारांना मिळते आणि जाड, पिळदार बुंध्याच्या झाडांची किंमत लाखाच्या घरात जाते. ऑलिव्हला मोहर धरण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे चांगली थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाड जगते, पाने देते, पण फळत नाही. राजस्थानात २००७-०८ पासून इस्राएली तंत्रज्ञांच्या मदतीने बिकानेरसारख्या भागात ऑलिव्हची लागवड झाली ती काही उगाच नव्हे. तिथे पाऊस थोडा आणि हिवाळ्याच्या रात्री कडक असतात. मुंबईत ऑलिव्ह केवळ शोभेचे झाड म्हणून विकत घ्यावे, आणि विक्रेत्याने ते तसेच सांगून विकावे. इथे मला सांगण्यात आले की तिसऱ्या वर्षी फळे धरतील. हे विधान बेजबाबदार आहे. शोभेपुरते म्हटले तर झाड वाईट नाही. उंचवट्यावरच्या मोठ्या कुंडीत, भरपूर वाळू आणि विटांचे तुकडे घातलेल्या मातीत, समुद्राकडच्या वाऱ्यावर ते बरे राहते, खारी हवाही त्याला सोसते. पण त्या रुपेरी पानांसाठी एवढे पैसे मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. मी मोजणार नाही.

रोझमेरीबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. ती अपवादांपैकी एक आहे: पाटीवर उणे १० असूनही मुंबईत निभावते, फक्त पावसात आडोसा आणि जवळजवळ कोरडी माती हवी. फुले क्वचितच येतात, पण बटाट्यांवर घालायला फुले लागत नाहीत.

लिंबूवर्गीय झाडांचा विभाग मला सर्वांत आवडला. थंडीच्या दृष्टीने या कुळाची उतरंड ठरलेली आहे. महाळुंग सर्वांत हळवे, मग आपले कागदी लिंबू, मग भूमध्यसागरी मोठे पिवळे लिंबू, त्यानंतर मोसंबी-संत्री अशी काटकता वाढत जाते. इटलीतला माळी या क्रमाने कुंड्या घरात ओढतो. मुंबईत ही उतरंड खालून वर वाचली की उत्तम झाडांची यादी तयार होते. दालनात महाळुंगाची कलमे होती, तीही सुदृढ, आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ज्या फळाला कोल्हापूरच्या अंबाबाईने हाती धरले आहे ते इटलीतल्या कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावरही मोठ्या जिव्हाळ्याने जोपासले जाते, आणि आपल्याच शहरातल्या दालनात ते "थंडीला अत्यंत नाजूक" या शेऱ्यासह कोपऱ्यात पडून आहे. कलम नीट बांधलेले होते, सांधा मातीच्या वर होता, मुळे कुंडीत वेटोळी झालेली नव्हती. या विभागाला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. एवढेच लक्षात असू द्यावे की पिवळ्या लिंबाच्या सालीला तो झळाळता रंग गार रात्रींमुळे चढतो. इथे फळ पिकले तरी साल हिरवटच राहू शकते.

बोगनवेलीविषयी मुंबईकराला काय सांगावे! पण ज्या बोगनवेलीला आपण कुंपणाबाहेर टाकून देतो तिला फ्रान्सच्या किनाऱ्यावर दक्षिणमुखी भिंत आणि वाऱ्यापासून आडोसा मिळाला तरच ती हिवाळा काढते, हे या पाटीमुळे गिऱ्हाइकाला कळले तर बरेच होईल. तीच गोष्ट चाफ्याची. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात चाफा हा गॅलऱ्यांचा लाडका वृक्ष आहे, आणि हिवाळ्यात फांद्यांच्या शेंड्यांवरचे कोंब गारठू नयेत म्हणून तिथले लोक त्यांवर अंड्यांची रिकामी टरफले घालून ठेवतात. फ्रान्समधले ग्रास हे गाव अत्तरासाठी चमेली लावते, तिथे हिवाळ्याआधी झुडपांच्या बुडाशी मातीची भर देतात, म्हणजे वरचे करपले तरी खालचे डोळे वाचतात. चाफा आणि चमेली या रोपवाटिकेत आहेत, परंतु भूमध्यसागरी दालनात नाहीत. प्रवेशद्वाराजवळ, ताडपत्रीखाली, शंभर-दीडशे रुपयांच्या रोपांत आहेत. ज्याला खरोखर पालेर्मोची गॅलरी उभी करायची आहे त्याने तिथूनच खरेदी सुरू करावी.

उरलेले अपवाद म्हणजे कण्हेर, डाळिंब आणि अंजीर. ही तिन्ही भूमध्य प्रदेशातही आहेत आणि आपल्याकडेही. थंडी आणि उष्मा दोन्ही पचवतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, मग दालनातले परदेशी जातीचे महागडे अंजीर कशासाठी, हा प्रश्न मी विक्रेत्याला विचारला तेव्हा तो नुसता हसला. कण्हेर विषारी असते, घरात लहान मुले किंवा मांजरे असतील तर ती टाळावी. ही सूचना पाटीवर नाही, ती असायला हवी.

सेवेबद्दल दोन गोष्टी नोंदवतो. एक, कुंड्यांतली माती. सगळ्या रोपांना एकच मिश्रण वापरले आहे, लाल माती, भरपूर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत. जास्वंदीला ते छान, पण राखाडी पानांच्या झाडांना घातक, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवते. मागणी केल्यास वाळू, परलाइटचे हलके पांढरे दाणे आणि बारीक खडी घालून कुंडी बदलून देतात आणि त्याचे पैसे माफक घेतात. ही सोय आहे हे मात्र स्वतःहून कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट तिथल्या वयस्कर माळीकाकांची. काउंटरवरच्या तरुण विक्रेत्यांपेक्षा त्यांना विचारावे. त्यांचे म्हणणे असे की पाटी राहू द्या, पान बघा: पान बारीक, राखाडी, लव असलेले असेल तर ते पावसाला भिते, आणि असे झाड दिवाळीआधी न्यायचे नाही. एवढी नेमकी माहिती छापील पाटीवर आली असती तर हे परीक्षण लिहावे लागले नसते.

ज्यांचे दुसरे घर नाशिककडे आहे त्यांनी मात्र थंडीचा आकडा पुसून टाकू नये. निफाडच्या पट्ट्यात पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथे चाफ्याचे कोवळे शेंडे आणि कागदी लिंबाची नवी पालवी जपावी लागेल, आणि पाऊस कमी असल्यामुळे रोझमेरी, ऑलिव्ह, अगदी लॅव्हेंडरसुद्धा मुंबईपेक्षा पुष्कळ बरे राहील. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमदव दिसते म्हणून ती भूमी भूमध्यसागरी झाडांना अनुकूल असेल असा समज करून घेऊ नये. तिथला पाऊस मुंबईच्या दुपटीहून अधिक आहे, तो लॅव्हेंडरला एक आषाढही काढू देणार नाही.

किमती एकंदरीत शहरातल्या इतर मोठ्या रोपवाटिकांच्या बरोबरीच्या आहेत, ऑलिव्ह सोडून. घरपोच सेवा आहे, कुंड्या नीट बांधून देतात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर चढवण्याचे वेगळे पैसे घेतात. रविवारी गर्दीत माळीकाका हाती लागत नाहीत, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. महाळुंग, दातेरी लॅव्हेंडर आणि रोझमेरी या दालनातून. चाफा, चमेली आणि बोगनवेल प्रवेशद्वाराजवळच्या ताडपत्रीखालून. आणि सगळी खरेदी ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे. कुंडी बदलून घेताना मिश्रणात निम्मी खडी-वाळू घालायला सांगावे आणि ते काम आपल्यासमोर करून घ्यावे.